काटा

बोत्सफ्योर्डच्या धक्क्यावर या दिवसांत सूर्य येत नाही.
दुपारी अर्धा तास
खिडकीपाशी निळं काहीतरी घुटमळतं, मग जातं.
नेमक्या त्याच निळ्याचा पडदा
आज सकाळपासून सात वेळा पडला
मासळी तोलणाऱ्या संगणकावर.

"तेराव्या खोक्याला मरतो," ओडलाउग म्हणाली,
"बारापर्यंत शहाण्यासारखा वागतो."
आणि हातमोजा न काढता
तिनं त्याच्याकडे बोट केलं,
घरात चिखलाचे पाय घेऊन आलेल्या पोराकडे करावं तसं.

मी वादसोहून आलेय, वारा पडला तेवढ्या फटीतून.
पिशवीत दोन केबली, एक पेनड्राइव्ह,
आणि कुणावरही आधी संशय घ्यायचा नाही
ही एक सवय, जी मला घरी कधीच जमत नाही.

स्कॅनर काढला. दहा, अकरा, बारा. मेला.
कॅमेरा काढला. मेला.
लेबलं छापणारा नवा प्रिंटर काढला,
तेरा, चौदा, वीस, चाळीस,
जणू कधी काही दुखलंच नव्हतं.
प्रिंटर परत लावला, वजनकाटा सोडवला:
तरीही ठणठणीत.
म्हणजे दोघंही निर्दोष.
फक्त शेजारी नकोत.

मरताना संगणक एक जबानी ठेवून जातो.
आकड्यांच्या गाळात हात घालून मी ती काढली.
प्रिंटर बारा लेबलं पोटात साठवतो,
तेराव्याला एकदम जागा होतो
आणि काटा ज्या दारात उभा राहून बोलत असतो
त्याच दारात पाय घालतो.
जबानीत नाव मात्र काट्याच्या ड्रायव्हरचं.
शेवटी सुरी ज्याच्या हातात सापडते, त्याचंच नाव येतं.

ड्रायव्हर दोन हजार सहाचा. लिहिणारा: हालवार्ड.
"कुठल्या कंपनीचा?" मी विचारलं.
"कंपनी कसली. इथं बसायचा. त्या खुर्चीत."
"आता?"
ओडलाउगनं खिडकीबाहेर पाहिलं.
समुद्राकडे नाही. वर, चर्चच्या मागच्या उताराकडे.

मी हालवार्डला काढून टाकला.
काट्याच्या कारखान्यातला कोरा, सही-शिक्क्याचा ड्रायव्हर घातला.
प्रिंटर शेजारी, काटा शेजारी, चाळीस खोकी,
निळं कुठेही नाही.
मी केबली गुंडाळायला घेतल्या.

तेवढ्यात सिवपालननं पट्ट्यावरचं एक खोकं उचललं.
तीस वर्षांपूर्वी जाफन्याहून आला मासे चिरायला;
इथली बोली माझ्यापेक्षा चांगली बोलतो.
खोकं खाली ठेवलं. पुन्हा उचललं.
"एकवीस किलो नाही हे."
"काटा एकवीस म्हणतोय," मी.
"साडेवीस. वरचं बर्फ आहे."
ओडलाउगनं उचलून पाहिलं
आणि माझ्याकडे बघितलं नाही.

हालवार्डनं काट्याला बर्फ वजा करायला शिकवलं होतं.
गारठ्याप्रमाणे थोडं कमी, थोडं जास्त.
कुठं लिहून ठेवलं नाही. सांगितलंही नाही.
अठरा वर्षं होड्यांवरच्या लोकांना
माशाचेच पैसे मिळत राहिले, पाण्याचे नाही,
आणि सगळ्यांना वाटलं, काटा चांगला आहे.

काट्यानं काटा काढावा, म्हणतात.
मी काढला, तर बोच तेवढी आत राहिली.

मग कचऱ्याच्या डब्यातून त्याला परत आणलं,
त्याचं जुनं दार त्याला दिलं,
आणि प्रिंटरला सातव्या नंबरचा पोर्ट,
पार कॉफीच्या यंत्रापाशी, लांब केबल ओढून.
प्रिंटर कुरकुरला. दोनदा रीस्टार्ट. तिसऱ्यांदा निमूट.

पाच वाजता पहिली होडी लागली.
आम्ही तिघं पडद्यासमोर.
दहा. अकरा.
बाराव्याला ओडलाउगचं चघळणं थांबलं.
तेरा.
वीस किलो चारशे ऐंशी.
कोपऱ्यात प्रिंटरनं श्वास घेतला
आणि एका दमात बारा लेबलं बाहेर सोडली,
ओली, कोमट, सरळ.

सिवपालननं एक फाडून दिव्याखाली धरलं.
तारीख एकोणीसशे ऐंशीची होती.

"ती उद्या," मी म्हणाले,
आणि कोट काढून
हालवार्डच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.